कपाट अडकलं तो जिना

माधवराव, तुमच्या शोकसभेत मी चांगलं बोललो. असं लोक म्हणाले. तुमच्या शाळेतले दोन निवृत्त शिक्षक मुद्दाम थांबून हात हातात घेऊन गेले. माईकजवळ कोण जाणार असा प्रश्न घरात पडलाच नव्हता. आपल्या सासरी कुठलाही प्रसंग असो, साखरपुडा की तेरावा, बोलायचं म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. धाकटा जावई बोलतो, थोरला ऐकतो, ही वाटणी आपल्या दोघांत सासऱ्यांच्या काळापासून पक्की होती.

मी तुमचा जन्म सांगितला, शाळा सांगितली, चित्रकलेच्या परीक्षांना तुम्ही बसवलेली मुलं सांगितली. तुमच्या हट्टाचा एक किस्सा सांगून लोकांना हलकं हसवलंही. आणि खाली बसताना लक्षात आलं, की आपल्या दोघांत जे होतं त्यातलं एक अक्षरही मी बोललो नव्हतो. ज्या एका गोष्टीसाठी मी तुमची माफी मागायला हवी होती, ती त्या सभागृहात मला सोडून कुणालाच माहीत नाही, असं तेव्हा वाटत होतं. तेही खरं नव्हतं, हे नंतर कळलं.

म्हणून हे लिहितोय. लिहिताना समोर माणसं नसतात, त्यामुळे छान बोलायचा मोह जरा कमी होतो.

माझा दिवाळसण आठवतो तुम्हाला? मी नवा जावई, सासरे कमी बोलणारे, आणि घरात पाहुण्यांसाठी कडक घडीच्या चादरी. मी सोफ्याच्या काठावर बसून घड्याळ बघत होतो. तेवढ्यात तुम्ही आतून आलात, कुणालाही न विचारता टीव्ही लावलात आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसलात. «जागा बघायला आलोत» लागलं होतं. मनोहर खळदकर, त्याची बायको शालन आणि त्यांचं बिऱ्हाड. दर दोन-तीन भागांनी घरमालक त्यांना बाहेर काढणार, आणि ते दोघं पुण्यात पुन्हा नवी जागा बघायला निघणार, एवढीच गोष्ट. खळदकर नव्या घरमालकासमोर खोटं नम्र होऊन उभा राहिला आणि मला हसू फुटलं. तुम्हालाही फुटलं. सासऱ्यांनी पेपरावरून बघितलं आणि पुन्हा पेपर वर केला. त्या घरात मी पहिल्यांदा मोकळा झालो तो त्या अर्ध्या तासात. तुम्ही माझ्यासाठी टीव्ही लावलात, की तुम्हाला ती मालिका चुकवायची नव्हती म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही असणार.

भाग संपल्यावर तुम्ही म्हणालात, "हे घर नारायण पेठेतलं आहे, सतीशराव. गॅलरीचे गज बघितलेत का?"

मी गज बघितले नव्हते. मी खळदकरला बघत होतो. माझी चूक तिथूनच सुरू झाली म्हणा ना.

तुमची पद्धतच वेगळी होती. तुम्ही कॅसेटवर भाग रेकॉर्ड करून ठेवायचात आणि चित्र थांबवून नटाच्या मागे बघायचात. फरशीची नक्षी, खिडकीच्या वरची कमान, दूरवर दिसणारी पाण्याची टाकी. सावली कुठल्या भिंतीवर पडलीय त्यावरून घराचं तोंड कुठल्या दिशेला हे सांगायचात. मग रविवारी सकाळी तुमच्या स्कूटरवर मी मागे, आणि आपण निघायचो. मंजू आणि सुनंदाताई, आपल्या दोघांच्या बायका, या बहिणी-बहिणी आपल्याला हसायच्या. ताई म्हणायच्या, स्वतःच्या घराला रंग द्यायला यांना सवड नाही आणि दुसऱ्याच्या घराचे गज मोजत फिरतात.

तुम्हीच शोधून काढलंत, की खळदकरांचं पहिलं घर म्हणजे मुळात दोन घरं आहेत. दार नारायण पेठेतलं आणि आतली खोली कर्वेनगरमधल्या एका बंगल्यातली. खळदकर पेठेत उंबरा ओलांडतो आणि पाय ठेवतो तो थेट कर्वेनगरात. तेव्हा तुम्ही बरेच दिवस खुशीत होतात. म्हणालात, भाडेकरूला एवढी मोठी जागा पुण्यात दुसऱ्या कुणी दिली नसेल.

आणि ती नारायण पेठेतली आजी. आपण बेल दाबली, तिनं दार बोटभर उघडलं. तुम्ही सवयीनं म्हणालात, "जागा बघायला आलोत."

"भाड्यानं द्यायची नाही."

"भाड्यानं नको. नुसती बघायची आहे."

"नुसती बघायला काय देऊळ आहे?"

तुम्ही एक शब्द न बोलता उंबऱ्याबाहेर चपला काढल्यात आणि हात जोडून उभे राहिलात. आजी तुमच्याकडे बघत राहिली. मग दार पूर्ण उघडलं. तिनं आपल्याला गॅलरी दाखवली, कोकम सरबत दिलं, आणि मालिकेतली शालन आपल्या मोरीत पाय धुवून गेली होती, ती फरशी अजून बदललेली नाही, हेही सांगितलं. बाहेर आल्यावर मी पोट धरून हसत होतो. तुम्ही मात्र गंभीरपणे म्हणालात, "मालिकेचं शूटिंग झालेलं घर आहे. देऊळच की."

आपलं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. शेवटच्या भागात खळदकर हडपसरच्या एका मोकळ्या प्लॉटवर उभा राहतो, बायकोला म्हणतो इथे स्वयंपाकघर, इथे माजघर, आणि मालिका संपते. मी म्हणायचो, झालं, मिळालं त्याला घर. तुम्ही म्हणायचात, घर कुठंय, ती आणखी एक बघितलेली जागा. मी म्हणायचो तुम्ही निराशावादी आहात. तुम्ही म्हणायचात मी सातबारा न बघता प्लॉट घेणारा माणूस आहे. पुढे मी खरंच हडपसरला फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला येऊन तुम्ही हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणालात, "इथे स्वयंपाकघर, इथे माजघर." सगळ्या पाहुण्यांत फक्त मी हसलो. त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलेली कुठलीच भेट मला आठवत नाही.

इथवर लिहिणं सोपं होतं.

मी कंपनीत माणसांना प्रशिक्षण देतो. म्हणजे उभं राहून बोलतो, त्याचाच पगार. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी आपल्या भटकंतीचे किस्से सांगितले. आताची तरुण मुलं, ती मालिका त्यांनी फोनवर बघितलेली, पाठ केलेली. म्हणाली, सर, आम्हालाही दाखवा ना. एका रविवारी आठ-दहा जणांना घेऊन मी नारायण पेठेत गेलो, तिथून कर्वेनगरला. जाताना तुम्हाला फोन करायचं मनात आलं होतं. मग वाटलं, ही ऑफिसची मुलं, माधवराव गजांवर पाऊण तास बोलतील, मुलं कंटाळतील. असं मी ठरवलं. तुमच्या वतीनं आणि मुलांच्याही वतीनं.

त्यातल्या एका मुलीनं व्हिडिओ केला. त्यात ती म्हणते, ही सगळी ठिकाणं आमच्या सतीश सरांनी वर्षानुवर्षं फिरून शोधून काढली आहेत. मी तिच्या शेजारीच उभा आहे. व्हिडिओत माझा चेहरा स्वच्छ दिसतो. मी हसतोय, आणि मान किंचित खाली घालतोय, कौतुक सहन होत नसल्यासारखा. माधवराव, तो व्हिडिओ मी इतक्यांदा बघितला आहे. "मी नाही, माझ्या साडूंनी," एवढं म्हणायला तिथे भरपूर जागा होती. ती पुढचं वाक्य सुरू करायच्या आधी चक्क थांबलीसुद्धा होती.

व्हिडिओ पसरला. लोक विचारू लागले, पुन्हा कधी नेणार. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फेरी काढायला लागलो. नाशिकहून, मिरजेहून माणसं यायची. पैसे मी कधी घेतले नाहीत, हे मी स्वतःला वारंवार सांगत आलो, जणू चोरी फक्त पैशांचीच असते. त्या व्हिडिओबद्दल तुमचा एकदाच फोन आला. "सुनंदाच्या मोबाइलवर बघितला. छान झालाय." मी घाईघाईनं म्हटलं, अहो, तुम्ही या ना एकदा, तुमच्याशिवाय काय मजा. आणि विषय बदलून मंजूच्या पाठदुखीवर नेला.

तुम्ही खरोखरच आलात. न कळवता. मी आजीच्या घरासमोर लोकांकडे पाठ करून बोलत होतो, वळलो तर रांगेच्या शेवटी तुम्ही. डोक्यावर ती फिकट टोपी, हात मागे बांधलेले, शाळेत तपासनीस आल्यावर मास्तर वर्गाच्या मागे उभे राहतात तसे. त्याच क्षणी मी आजीचा किस्सा सांगत होतो. निम्म्यावर आलो होतो. "नुसती बघायला काय देऊळ आहे," इथपर्यंत. पुढचं वाक्य होतं, मी गुपचूप चपला काढल्या. दर वेळी मी तसंच सांगायचो, कारण किस्सा सांगणाऱ्याच्याच अंगावर शोभतो, अशी माझी समजूत होती.

मला तिथे थांबता आलं असतं. तुमच्याकडे बोट दाखवून म्हणता आलं असतं, की चपला काढणारे हे बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, तुम्ही लाजला असतात, आणि आज मी हे लिहीत नसतो. मी म्हणालो, "मी गुपचूप चपला काढल्या." लोक हसले. तुम्हीही हसलात, माधवराव. मनापासून. पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे.

मग कुणीतरी तो प्रश्न विचारला. प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारतंच: कपाट अडकलं तो जिना कुठला? ज्यांनी ती मालिका बघितली नाही त्यांनाही तो भाग ठाऊक असतो. खळदकर घर सोडताना लोखंडी कपाट जिन्यातून उतरवतो आणि ते वळणावर अडकतं. वर शालन, खाली भाडं मागायला आलेला घरमालक, मध्ये कपाट. अख्खा भाग ते तिथेच. शेजारी कपाटाखालून रांगत ये-जा करतात, आणि शेवटी शालन वरच्या बाजूनं खणात चहाचा कप ठेवते, तो घरमालक खालच्या बाजूनं काढून घेतो. तो जिना तुम्हाला सापडला नव्हता. तुम्ही त्याच्यामागे किती वर्षं होतात. तुम्हाला एवढंच ठाऊक होतं, की पायऱ्या दगडी आहेत, वळण डावीकडे आहे आणि वळणावर एक झरोका आहे. बाकीचं सगळं कपाटानं झाकलं होतं.

एरवी मी म्हणायचो, शोध चालू आहे. त्या दिवशी तुम्ही समोर होतात आणि मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित मला वाटलं, "शोध चालू आहे" म्हटलं तर कुणी विचारेल, कोण शोधतंय, आणि तुम्ही उत्तर द्याल. मी त्याच गल्लीतल्या एका जुन्या इमारतीकडे हात केला. हाच तो जिना, म्हणालो.

माणसं आत धावली. फोटो, रांगून दाखवणं, सगळं. तुम्ही गर्दी ओसरल्यावर आत गेलात. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवलात, वर बघितलंत. वळण उजवीकडे होतं. पायऱ्या लाकडी होत्या. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. मिरजेच्या एका बाईंनी तुमच्या हातात फोन दिला. "काका, आमचा सगळ्यांचा एक काढता का? सरांना मध्ये घ्या हं." तुम्ही फोन आडवा धरलात, सगळ्यांना जरा डावीकडे सरकवलंत, आणि मला मध्ये घेऊन फोटो काढलात. फोटो उत्तम आलाय. तुम्ही काढलेला, म्हणजे तसा येणारच. त्यात तुम्ही नाही आहात.

चहा न घेताच निघालात. "बराय सतीशराव. सुनंदा वाट बघत असेल."

त्यानंतर मी तुम्हाला टाळलं. शब्द नेमका आहे, दुसरा शोधला नाही. गणपतीत, वाढदिवसाला, सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा आपण भेटत होतो, पण तुमच्याबरोबर एकट्यानं बसायची वेळ येणार असं दिसलं, की मी आत चहा बघायला जायचो किंवा मंजूला हाक मारायचो. तुम्ही रागावला आहात असं मला कुठेही दिसत नव्हतं आणि त्यामुळेच जास्त भीती वाटायची. मला वाटायचं, हा माणूस चारचौघांत बोलणार नाही. एकटा सापडलो की बोलेल.

आणि तुम्ही एकट्यालाच बोलवत होतात. या उन्हाळ्यात तुमचा फोन आला. एखाद्या रविवारी सकाळी मोकळे आहात का, जरा एक काम आहे. मी म्हणालो ऑडिट चालू आहे. पुन्हा आला. मी म्हणालो मंजूची तब्येत, मग बघू. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "फार वेळ नाही घेणार तुमचा. तुमच्या सोयीनं." मी म्हणालो, गणपती होऊन जाऊ देत, मग निवांत. तुम्ही म्हणालात, बरं. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

गणपती यायच्या आधीच तुम्ही गेलात. सकाळी आंघोळ करून पेपर वाचायला बसलात आणि तेवढंच.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी कर्वेनगरला ताईंकडे गेलो होतो. मंजू आत आवरत होती. ताई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सवय म्हणून, निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुम्हाला यांनी किती वेळा बोलावलं होतं?"

"दोन-तीनदा," मी म्हणालो.

"जिना सापडला होता त्यांना."

मग त्याच सांगत गेल्या. उन्हाळ्यात कधीतरी तुम्ही उड्या मारत घरी आलात म्हणे, या वयात. त्यांनी विचारलं कुठे सापडला, तर तुम्ही सांगेनात. आधी सतीशरावांना नेऊन दाखवतो, मग तुला. ते बिचारे लोकांना भलताच जिना दाखवतात, कुणी जाणकार भेटला तर चारचौघांत त्यांची फजिती होईल. एवढंच म्हणालात, की सतीशरावांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे, आणि ते त्याच्यासमोरून रोज स्कूटर दामटत जातात.

मी विचारलं, माझ्यावर रागावले होते का.

"ते नाही रागावले," ताई म्हणाल्या. आता त्यांनी वर बघितलं. "मी रागावले होते. तो व्हिडिओ मी बघितला ना. मी यांना म्हटलं, यात तुमचं नाव कुठंय? तर म्हणाले, नाव खळदकरचं आहे की. वर म्हणे, सतीशराव बोलतात छान, मला एवढी माणसं बघून घाम फुटला असता. मी म्हटलं, घाम फुटला असता तरी नाव आपलं ते आपलं." ताट त्यांनी बाजूला ठेवलं. "तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं, सतीशराव. खूप वाट बघितली त्यांनी."

त्यांनी याहून एक शब्द जास्त सुनावला नाही. मंजू आतून आली, म्हणून मी उठलो.

दोन वर्षं मी ज्या बोलण्याला घाबरत होतो ते बोलणं तुमच्याकडे नव्हतंच, माधवराव. तुमच्याकडे जिना होता. माझी फजिती होऊ नये म्हणून तुम्ही या वयात हडपसरपर्यंत उन्हात फिरत होतात, आणि ज्याच्यासाठी फिरत होतात तो तुमचा फोन वाजला की आधी बायकोकडे बघायचा.

तेव्हापासून मी तो रस्ता बघत जातोय. ऑफिसातून परत येताना स्कूटर लावतो आणि हडपसर गावातल्या जुन्या इमारतींत शिरतो. एका किराणा दुकानदारानं हटकलं, "कुनाकडं जायचंय?" मी म्हटलं, जिना बघायचाय. "वर काय न्हाय साहेब, गोडाऊन हाय." मी म्हटलं, नुसता जिनाच. तो वजनाचा काटा पुसत म्हणाला, "बघा की. जिन्याला काय लागतंय." मी बघितला. दगडी होता, डावीकडे वळत होता, पण वळणावर भिंत नव्यानं गिलावा केलेली. तिथे झरोका होता की नव्हता, कोण सांगणार. पलीकडच्या गल्लीत आणखी एक तसाच. त्याला झरोका आहे, पण पायऱ्यांवर फरशी बसवलीय. आणखीही असतील.

घरी येऊन मी तो भाग लावतो, तुमच्यासारखं चित्र थांबवतो आणि कपाटाच्या मागे बघायला लागतो. दोन मिनिटांत माझी नजर खळदकरच्या चेहऱ्यावर गेलेली असते. मी आयुष्यभर नटच बघत आलो. कदाचित मी योग्य जिन्यावर उभा राहून परत आलोय. मला ते कळण्याचा मार्ग नाही. ज्याला एका गजावरून घर ओळखता यायचं तो माणूस मला हात धरून न्यायला तयार होता, आणि मी ऑडिट सांगितलं.

महिन्याचा पहिला रविवार आला. फेरी बंद करावी असं वाटलं होतं. मंजू मला म्हणाली, "बंद करून त्यांना काय मिळणार आहे, आणि तुम्हाला मात्र सुटका मिळेल." तिला मी सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तरी त्या रविवारी ती आली, आणि येताना ताईंनाही घेऊन आली. मला आधी सांगितलं नव्हतं.

नारायण पेठेत नेहमीची गर्दी. आजीच्या घरासमोर मी किस्सा सांगितला. चपला तुम्ही काढल्यात असं सांगितलं. तुमचं नाव घेतलं, साडू म्हणालो, ही सगळी ठिकाणं तुम्ही शोधलीत आणि मी मागच्या सीटवर बसून होतो, हेही म्हणालो. वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. लोक पुन्हा हसले, कुणी तुमच्या नावाची नोंद फोनमध्ये केली. किस्सा तुमच्या अंगावर माझ्यापेक्षा जास्त शोभतो, हे मला तेव्हा ऐकू आलं.

मग जिन्याचा प्रश्न आला. मागच्या एका फेरीला आलेले चिंचवडचे गृहस्थ या वेळी भावाला घेऊन आले होते, ते त्या इमारतीकडे निघालेसुद्धा. मी म्हणालो, थांबा, हा जिना नाही.

"नाही कसा? आम्ही मागच्या खेपेला रांगून फोटो काढले की इथे."

"मी खोटं सांगितलं होतं."

"म्हणजे मी गुडघे उगाच सोलले," ते म्हणाले. भाऊ हसला. ते हसले नाहीत. "मग खरा कुठाय?"

ताई मागे, रांगेच्या टोकाला उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही आणि मी त्याचा अर्थही लावत नाही. एवढी वर्षं माणसांसमोर उभा राहतोय, पण त्या दिवशी मला वाक्य सापडेना.

मी म्हणालो, मला माहीत नाही. माधवरावांना माहीत होतं. त्यांनी मला तीनदा बोलावलं, मी गेलो नाही.

चिंचवडच्या गृहस्थांनी एकदा त्या लाकडी जिन्याकडे बघितलं, मग खाली. मला पुढे काहीतरी जोडता आलं असतं, थोडं हलकं, थोडं गोड. जीभ तयारही झाली होती. मी ते जोडलं नाही.

त्या सकाळी मी तासभर बोललो, माधवराव. गज, फरशी, आजी, कर्वेनगरची खोली, सगळं तुमचं होतं. माझं असं त्यात एकच वाक्य होतं, आणि ते संपल्यावर मी गप्प उभा राहिलो.